तारपा वर्गात आणण्याआधी

शाळेच्या रंगरंगोटीचे पैसे आले की पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर एकच चित्र उमटतं. गेरूच्या रंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेला तारपा नाच. मी नोकरी केली त्या एका पाड्यावरच्या शाळेतही ते होतं. बाहेरून आलेल्या पेंटरने दोन दिवसांत भिंत रंगवून दिली होती. तिसरीतली एक मुलगी बराच वेळ त्या चित्रासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, यांची साखळी दोन्हीकडून जोडलीये. मग पुढं कोण आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. दुपारी तिच्या आजीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. तारपा वाजवणारा मधे असतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, पण ती साखळी बंद नसते. पुढचा माणूस घुंगरांची काठी जमिनीवर आपटत ताल धरतो आणि बाकीचे त्याच्यामागून वळत जातात. भिंतीवरच्या चित्रात पुढचा माणूसच नव्हता. काठीही नव्हती. आम्ही सगळे शिक्षक रोज त्या भिंतीसमोरून जात होतो आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

हा लेख प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांसाठी आहे, विशेषतः जे नव्याने आदिवासी भागात रुजू झाले आहेत त्यांच्यासाठी. हाताने करत शिकणं आणि मुलांची स्वतःची संस्कृती या दोन गोष्टींबद्दल प्रशिक्षणांत वेगवेगळ्या तासांना बोललं जातं. पाड्यावर त्या वेगळ्या नसतात. तिथे जे काही जपलं गेलं आहे ते हातांनी जपलं आहे: लिंपण्यात, विणण्यात, कांडण्यात, आवणीत, वाजवण्यात. त्या मुलीचा प्रश्न आला कुठून? तिने नाच केला होता, आजीचा हात धरून साखळीत फिरली होती. तिच्या अंगाला जे ठाऊक होतं ते तिला चित्रात सापडत नव्हतं. असे प्रश्न वर्गात यायला हवेत आणि त्यांचा पुढे अभ्यास व्हायला हवा. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला मुलांना पोशाख घालून मिरवणूक काढली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकातला पुढचा धडा उघडला, तर असे प्रश्न येत नाहीत.

आपल्याकडे या कामाची वाट जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं वारली मुलांपुढे ठेवून भागणार नाही हे त्यांनी ओळखलं. गोटे, शिंपले, बिया, पानं हेच शिकण्याचं साहित्य झालं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात, तर शिकवणं कुरणात नेलं, ती कुरणशाळा. नव्या शिक्षकाने यातून घ्यायची गोष्ट एकच: साहित्य विकत आणण्याआधी पाड्यावर काय आहे ते बघा.

म्हणून पहिले काही आठवडे फार शिकवायच्या मागे लागू नका. फिरा. संध्याकाळी पाड्यावर जा, ओटीवर बसा, विचारा आणि ऐका. या फिरण्यातून एक मोठं कॅलेंडर तयार करायचं आहे, मुलांना बरोबर घेऊन. पाठकोऱ्या कागदांचा लांब पट्टा जोडा, त्यावर महिने आखा आणि पाड्याचं वर्ष चित्रांनी भरत न्या. राब कधी भाजतात, पहिल्या पावसात रानात कोणती भाजी वर येते, पेरणी, आवणी, दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस, कापणी, झोडणी, तारपा, लग्नसराई, मोहाची फुलं वेचणं. आणि हेही लिहा, कारण लपवून उपयोग नाही: दिवाळीनंतर कोणती घरं वीटभट्टीवर जातात आणि कधी परततात. हा पट्टा भिंतीवर लागला की अभ्यासक्रमाचं पुस्तक शेजारी घेऊन बसा. 'पाणी' हा पाठ आवणीच्या दिवसांत घेता येतो, 'वजन आणि माप' झोडणीनंतर, 'ध्वनी' तारप्याच्या हंगामात. पुस्तकातला क्रम बदलायला घाबरू नका. वर्षाअखेरीस काय यायला हवं ते ठरलेलं असतं, कोणत्या आठवड्यात यावं हे बरंचसं आपल्या हातात असतं.

आता एक काम सविस्तर सांगते, कारण ते मी अनेक वर्षं करून पाहिलं आहे आणि त्यात गणित, विज्ञान, भाषा, चित्रकला सगळं येतं. ते म्हणजे भात.

झोडणी झाली की मुलांना घरून मूठभर भात आणायला सांगा. ज्याच्या घरी शेती नाही त्याला मोकळ्या हाताने यावं लागू नये म्हणून थोडा भात शाळेत आधीच ठेवा. एका लोंबीत किती दाणे? प्रत्येक जोडीने मोजायचे. मोजताना मुलं आपोआप ढीग करतात, कुणी दहाचे, कुणी विसाचे. विसाचे ढीग करणाऱ्याला थांबवू नका. घरची मोठी माणसं अजून कोडीत मोजतात, एक कोडी म्हणजे वीस, आणि त्या मुलाच्या कानावर तेच पडलेलं असतं. त्याला फळ्यावर बोलवा, 'तीन कोड्या आणि सात' म्हणजे किती ते त्यालाच समजावू द्या. दशक-एककात अडखळणारा एक मुलगा मी या तासाला पहिल्यांदा हसताना पाहिला.

मग मापं. कुणाच्या तरी घरी जुनी पायली आणि शेर असतात, ती मागून आणा. चार शेरांची पायली होते का ते ओतून बघा. पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो: एक पायली भात आणि एक पायली नाचणी तराजूत तोला. माप तेच, वजन वेगळं. हे का, यावर चौथीतली मुलं पंधरा-वीस मिनिटं भांडतात. कुणी म्हणतं नाचणीचा दाणा जड, कुणी म्हणतं भाताच्या दाण्यांमधे जागा राहते. लगेच उत्तर देऊ नका. दोन्हीत पाणी ओतून बघू, असं एखादं मूल सुचवेपर्यंत थांबा. धारकता आणि वस्तुमान हे शब्द त्यानंतर फळ्यावर लिहिले तर चिकटतात.

त्याच भाताचा तांदूळ कांडून घ्या. उखळ-मुसळ ज्या घरी आहे तिथे मुलांना घेऊन जा आणि आजीकडून शिकू द्या. थोडे तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर वाटा आणि पाणी घालून पांढरा रंग करा. तो चिकटून राहावा म्हणून थोडा डिंक. कुणी डिंक न घालता करतं, कुणी घालून. दोन्ही करून बघा आणि सुकल्यावर बोटाने घासून पाहा. पातळ झाला तर ओघळतो, दाट झाला तर वाळून तडकतो. किती चमचे पीठ, किती चमचे पाणी हे प्रत्येक गटाने वहीत लिहायचं. मुलांच्या हातची ही पहिली प्रयोगाची नोंद.

काढायचं कशावर? घरांच्या भिंती पूर्वी कारवीच्या कुडाच्या असत, वर शेणमातीचं लिंपण आणि गेरूचा हात. शाळेत खोक्याच्या पुठ्ठ्यावर पातळ माती सारवून वाळवा, त्यावर गेरू फिरवा. ब्रश म्हणून बांबूची काडी. मोठी माणसं तिचं टोक चावून मऊ करतात, मुलांकडून ते दगडाने ठेचून घ्या. कोयता मुलांच्या हाती द्यायचा की नाही यावर शिक्षकांमध्ये मतभेद असतात. पाड्यावरची सात-आठ वर्षांची मुलं घरी कोयता वापरतात हे खरं आहे, तरीही शाळेत काड्या मोठ्या माणसाने आधी कापून ठेवाव्यात असं माझं मत आहे. वर्गात तीस मुलं दाटीने बसलेली असतात, घरी तशी नसतात.

चित्रात एक चूक अगदी नेहमी होते. शिक्षक फळ्यावर माणूस काढतात, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून, वर गोल डोकं, आणि मुलं तोच माणूस तीस वेळा काढतात. साचे तर अजिबात देऊ नका. वारली चित्रातला माणूस नेहमी काहीतरी करत असतो: वाकलेला, ओझं घेतलेला, झाडावर चढलेला. म्हणून आधी मुलांनाच उभं करा. एकाने आवणी करायची, दुसऱ्याने पाहायचं. वाकल्यावर पाठीची रेघ कुठे जाते? वरचा त्रिकोण कलला की खालचा काय करतो? भूमितीचा हा तास पुस्तकातल्या आकृत्यांवर घेतलेल्या तासापेक्षा लांबतो. लांबू द्या.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. तो चौक शोभेचा नाही. त्याला वेळ आहे, जागा आहे, काढणारी माणसं ठरलेली आहेत. त्यामुळे 'आज आपण चौक काढू या' असं वर्गात जाहीर करू नका. भगताच्या कामाची वर्गात नक्कल करू नका. देवाचं काही चित्रात आणायचं असेल तर आधी पाड्यावरच्या बायांना विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर तिथे थांबा, कारण मागू नका. मी एकदा न विचारता कार्डशीटवर चौक काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या, शांतपणे तो कागद गुंडाळून घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि पुढे त्याच आजींकडून मुलांना सारवण शिकवलं.

जाणत्या माणसाला वर्गात बोलावणं हे या सगळ्या कामाचं मर्म आहे आणि तिथेच आपण कमी पडतो. तारपा वाजवणाऱ्या बाबांना निरोप धाडायचा, ते आले की दहा मिनिटं वाजवून घ्यायचं, फोटो काढायचा, चहा पाजून पाठवायचं: असं करू नका. त्यांच्या घरी जा. कोणत्या दिवसांत त्यांना सवड आहे विचारा. आमच्या पाड्यावर भात पिकायला लागल्याशिवाय तारपा काढत नाहीत, मग जुलैत तपासणीला साहेब येणार म्हणून त्यांना वाजवायला सांगणं चुकीचंच. त्यांचा दिवस मोडतो, त्याची मजुरी बुडते, म्हणून मानधन द्या. रक्कम लहान असली तरी द्या आणि हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडून फक्त सह्या घेतल्या जातात. 'आपल्या मुलांना पाड्यावरचं काय शिकवायचं आणि कोण शिकवेल' हा प्रश्न एका बैठकीत ठेवून बघा, बोलणं किती बदलतं ते दिसेल. आणि बाबा वर्गात येतील तेव्हा त्या तासाचे शिक्षक तेच. आपण मुलांबरोबर खाली बसायचं.

तारपा हातात घेऊन बघण्यासारखं वाद्य आहे. वाळलेला दुधी, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणाने बुजवलेले. विज्ञानाचे किती प्रश्न त्यात आहेत! हवा कुठून जाते, थरथरतं काय, भोकावर बोट ठेवलं की सूर का बदलतो, दुधी नसता तर? मात्र प्रत्येक मुलाने बाबांच्या तारप्यात फुंकून बघायचं नाही. त्यासाठी पपईच्या देठाच्या पिपाण्या करा. लांब देठ, आखूड देठ, भोकं पाडलेला देठ, आणि मग सूर ऐकून लावायचा क्रम. शाळेची दुपार गोंगाटाची होईल, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

रानभाज्यांचं काम जूनमध्ये करण्यासारखं आहे, फक्त सावधपणे. पहिल्या पावसाबरोबर शेवळं येतात. ती तशीच शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यांच्याबरोबर काकडाची आंबट फळं घालतात. ही एक ओळ म्हणजे केवढं ज्ञान आहे, आणि ते मुलांच्या आयांकडे आहे. त्यांना शाळेत बोलावून भाजी निवडण्यापासून करून घ्या, मुलांनी कृती क्रमाने लिहायची. पण मुलांना एकटं रानात पाठवून 'मिळेल ती भाजी आणा' असं कधीही सांगू नका, आणि जाणत्या बाईने ओळखल्याशिवाय काहीही चुलीवर चढवू नका. सारखी दिसणारी दोन पानं, एक खायचं आणि एक न खायचं, यांची मोठी चित्रं काढून घेणं हाच निरीक्षणाचा उत्तम धडा आहे.

भाषेबद्दल. मूल घरच्या बोलीत बोललं की आपण नकळत दुरुस्त करतो. वर्गात एखादी वस्तू पहिल्यांदा हाताळली जात असेल तेव्हा तरी हे थांबवा. सुपाच्या प्रत्येक भागाला, इरल्याच्या विणीला, भाताच्या वाढीच्या प्रत्येक पायरीला घरचा शब्द असतो, आणि प्रमाण मराठीत अनेकदा तेवढे शब्द नसतात. ते शब्द मुलांकडून गोळा करा, ऐकू येतील तसे देवनागरीत लिहा, शेजारी चित्र आणि पुस्तकी मराठी शब्द. वर्षभरात वर्गाचा स्वतःचा कोश तयार होतो आणि पुढच्या वर्षीच्या पहिलीला तो उपयोगी पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. पाड्यावर त्याची सुरुवात अशा वहीनेच होऊ शकते. हेमलकशाला लोकबिरादरीच्या शाळेत माडिया मुलांसाठी माडिया बोलीचा आधार घेतला गेला, त्यामागचं कारण हेच.

एका पटावर सगळी मुलं 'आदिवासी' असली तरी ती एक नसतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी घरं शेजारी असतात. त्यांची बोली, देव, कामं वेगळी. 'आदिवासी असं करतात' हे वाक्य वर्गात वापरू नका. 'रमीच्या घरी असं करतात, सोन्याच्या घरी कसं?' असं विचारा. कातकरी मुलांबाबत जास्तच जपा. त्यांच्या खाण्यापिण्यावरून इतर मुलं चिडवतात, आणि 'तुमच्याकडे काय खातात सांग' असा आपला भोळा प्रश्न त्या मुलाला सगळ्यांसमोर उघडा पाडतो. त्याऐवजी त्याच्या वडिलांना नदी, मासे, मध यांबद्दल सांगायला बोलवा. ज्याला सगळे कमी समजतात त्याचे वडील शिक्षक म्हणून समोर उभे राहिले की मधल्या सुट्टीतलं वागणं बदलतं, हे मी पाहिलं आहे.

मुंबई-पुण्याच्या शाळांतही आता मडक्यांवर वारली चित्रं काढून घेतात. तिथल्या शिक्षकांनी निदान एवढं करावं: हे कुणाचं आहे ते मुलांना नावानिशी सांगावं. पूर्वी ही चित्रं लग्नाच्या वेळी बायका काढत. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून ती कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर पडून रोजच्या जगण्याची चित्रं काढली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव लावून विकण्याचा हक्क कुणाचा हा प्रश्न कायद्यानेही मानला. शाळेला चित्र विकत घ्यायचं असेल तर डहाणू-जव्हारच्या कलाकाराकडून घ्यावं. आणि वारली म्हणजे फक्त नाचणारी आनंदी माणसं, असं मुलांच्या मनात राहू नये. १९४५ मध्ये याच वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकरांनी त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. चौथीतल्या मुलाला वेठ म्हणजे काय हे समजतं. पैसे न देता काम करायला लावणं अन्यायाचं आहे हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

या कामाला गुण कसे द्यायचे, असं मला नेहमी विचारतात. चित्र सुंदर आलं का यावर देऊ नका. मूल काय विचारतं, घरी जाऊन काय शोधून आणतं, दुसऱ्याला कसं समजावतं, याच्या दोन ओळी आठवड्याला लिहून ठेवा. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या नोंदवहीत त्या थेट बसतात.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. दिवाळीनंतर पट अर्धा रिकामा होतो. भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत जाण्याआधी एक कोरी वही, दोन पेन्सिली आणि गेरूचा खडा ठेवा. तिथे जे दिसेल ते काढ, विटा मोज, नवा शब्द ऐकलास तर लिही, एवढंच सांगा. काही वह्या परत येत नाहीत. ज्या येतात त्या कॅलेंडरच्या पट्ट्यावर पौष ते चैत्र या रिकाम्या जागेत लावा. एका वर्षी तिथे एका मुलाचं चित्र आलं: विटांच्या ओळी पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्यांच्यामधून डोक्यावर विटा घेतलेल्या माणसांची रांग, दोन त्रिकोणांची, वाकलेली. कोपऱ्यात त्याने आकडा लिहिला होता, त्याच्या आईने एका दिवसात वाहिलेल्या विटांचा. पावसाळ्यात शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही गुणाकार तिथून सुरू केला.